नाम पुसलं जातं, विशेषण उरतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औशात आपला पेपर सकाळी साडेसातला येतो. चहाबरोबर मी तो पेन्सिल घेऊन वाचतो. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की हात राहत नाही. आपल्याला यापूर्वी चार पत्रं पाठवली, चारही शुद्धलेखनाबद्दल. त्यातलं एक आपण छापलंत, आणि छापताना त्यातच दोन चुका झाल्या. असो. हे पाचवं पत्र बिनचूक लिहिल्या जाणाऱ्या एका शब्दाबद्दल आहे.

परदेशच्या बातम्यांत हल्लेखोराचं नाव मुसलमानी निघालं, की मथळ्यात 'इस्लामी दहशतवादी' येतो. नाव तसं नसलं, की तोच इसम 'माथेफिरू' होतो, 'बंदूकधारी' होतो, कधी 'नैराश्यग्रस्त तरुण' होतो. हे आपण ठरवून करता असं मला म्हणायचं नाही. माझा एक विद्यार्थी वृत्तपत्रात रात्रपाळी करतो, त्याच्याकडून ऐकलंय. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी दहा वाजता येते, पान अकराला सोडायचं असतं, मग तिकडचं विशेषण आहे तसं इकडे उतरतं. पण ते विशेषण जिथून येतं, तिथे ते रोज कुणाच्या अंगावर पडतं, हे मी पाहून आलो आहे. म्हणून हा खटाटोप.

आधी एक कबुली देतो. या पत्राच्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी होती : 'मी सर्व प्रकारच्या दहशतवादाचा तीव्र शब्दांत निषेध करतो.' वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. लिहिलं, वाचलं आणि खोडलं. शेजारचे कुलकर्णी सर कांद्याच्या भावाबद्दल आपल्याला पत्र लिहितात, तेव्हा ते आधी कशाचा निषेध करत नाहीत. मग मीच कशाला? कुणी मागितलाही नव्हता. आपोआप आला, जसा दारात आलेल्या पोलिसाला पाहून निरपराध माणूसही खिशातलं ओळखपत्र चाचपतो.

थोरली मुलगी इंग्लंडच्या उत्तर भागात एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. २०२४च्या जूनमध्ये मी तिच्याकडे गेलो. नातू अकरा वर्षांचा. माझ्याशी दखनी आणि मराठीची खिचडी बोलतो, पण बोलतो. एकदा आम्ही तिघं बसमधून चाललो होतो. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, स्वारी खूश. त्याने विचारलं, "नाना, तुम्ही लहानपणी दिवाळीत काय करायचे?" मी सांगायला लागलो. आमच्या गल्लीत वाण्याचा बाळू, मी आणि शिंप्याचा दत्तू मिळून पैसे काढायचो आणि एकच सुतळी बॉम्ब आणायचो. पत्र्याच्या डब्याखाली ठेवून पेटवायचो. डबा लिंबाच्या झाडाइतका उंच जायचा. मी रंगात येऊन हातवारे करत होतो. मुलीने माझं मनगट धरलं. "अब्बा, तो शब्द नको. इथं नको."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझ्या अख्ख्या गोष्टीत त्या बसमधल्या इंग्रजांना कळेल असा शब्द तेवढा एकच होता.

मागे वळून पाहिलं तर कुणी आमच्याकडे बघतही नव्हतं. एक बाई झोपली होती, दोन पोरं मोबाईलमध्ये. म्हणजे कुणी काही केलं नाही, कुणी बोललं नाही, तरी माझ्या लेकीचा हात माझ्या मनगटावर आला. उतरल्यावर नातू मला समजावून सांगायला लागला, "नाना, बसमध्ये फटाका म्हणायचं." विद्यार्थ्यांना समानार्थी शब्द शिकवण्यात माझा जन्म गेला. असा समानार्थी शब्द मी कधी शिकवला नव्हता.

मुलगी उगाच घाबरते का? मलाही आधी तसंच वाटलं. तिने मग अमेरिकेतली गोष्ट सांगितली. सप्टेंबर २०१५मध्ये टेक्सासच्या अर्व्हिंग गावात चौदा वर्षांच्या एका मुसलमान मुलाने घरी घड्याळ बनवून शाळेत नेलं, शिक्षकांना दाखवायला. शिक्षिकेला ते बॉम्बसारखं वाटलं. पोरगं बेड्या घालून पोलीस ठाण्यात. नंतर राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, ते चांगलंच झालं. पण माझ्यासारख्या मास्तरला बेड्याच आठवतात. आमच्या विज्ञान प्रदर्शनात पोरं वायरी लोंबकळणारं काय काय घेऊन यायची! आणि इंग्लंडमध्ये तर २०१५च्या कायद्याने शाळांवर कामच सोपवलं आहे, की कुणी मूल दहशतवादाकडे ओढलं जातंय का यावर नजर ठेवायची. हेतू वाईट नसेल. पण नजर ठेवायची म्हटलं, की ती आधी कोणत्या नावाच्या मुलावर जाते, हे हजेरी घेणाऱ्या माणसाला सांगायला नको.

मी तिथे असतानाच साउथपोर्टचं प्रकरण घडलं. मुलीच्या गावापासून ते शहर मोटारीने तासाभराच्या आत. २९ जुलैला मुलींच्या नाचाच्या वर्गात एक सतरा वर्षांचा मुलगा सुरा घेऊन शिरला. तीन लहान मुली गेल्या. मुलगी टीव्हीपुढे रडत होती; नातवाच्या वर्गातल्या पोरीही अशाच नाचाच्या वर्गाला जातात. संध्याकाळपर्यंत मोबाईलवर एक नाव फिरू लागलं, अरबी वळणाचं. बोटीतून आलेला मुसलमान निर्वासित आहे, असं त्याखाली लिहिलेलं. ते नाव खोटं होतं. असा माणूसच नव्हता. खरा हल्लेखोर कार्डिफमध्ये जन्मलेला, आईवडील रवांडाचे. पण न्यायालयाने त्याचं नाव जाहीर करू देईपर्यंत उशीर झाला होता. दुसऱ्या संध्याकाळीच साउथपोर्टच्या मशिदीवर जमाव चालून गेला होता, विटा फेकल्या, पोलिसांची गाडी पेटवली. पुढच्या आठवड्यात लोण गावोगाव गेलं. रॉदरहॅमला निर्वासित राहत होते त्या हॉटेललाच आग लावायचा प्रयत्न झाला.

खटल्यात पुढे आलं, की त्या मुलाकडे अल-कायदाची एक पुस्तिका सापडली होती. ते लपवायचं कारण नाही. त्याबद्दल त्याला वेगळी शिक्षाही झाली. पण त्याने कुठल्या धर्मासाठी किंवा विचारासाठी खून केले, असं तपासात निघालं नाही. आणि मशिदीवर विटा फेकणाऱ्यांना तर तेव्हा ती पुस्तिकाही ठाऊक नव्हती. त्यांना ठाऊक होतं फक्त एक नाव, तेही कुणीतरी घरबसल्या तयार केलेलं.

त्या आठवड्यात मुलीने दोन दिवस रजा काढली. तिसऱ्या दिवशी गेली, डोक्याला रुमाल होताच. जावई म्हणाले, टोपी घाल त्यावर. ती म्हणाली, ऑगस्टात लोकरीची टोपी घातली तर आणखीच बघतील. हसलो आम्ही. अशा वेळी हसू येतं, हे मला ठाऊक नव्हतं. साउथपोर्टच्या लोकांबद्दलही सांगितलं पाहिजे. मशिदीवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी गावातले गवंडी आणि शेजारीपाजारी आले आणि मशिदीची पडलेली भिंत बांधून दिली. टीव्हीवर ते पाहताना मी मोठ्याने 'शाब्बास' म्हणालो.

मुलीच्या शेजारी एक निवृत्त बसचालक राहतात. सज्जन माणूस. त्या आठवड्यात कुंपणावरून दूध-पाव आणून देत होते, म्हणजे मुलीला दुकानात जायला नको. मला एकदा म्हणाले (मुलीने मराठीत सांगितलं), "तुम्ही त्यांच्यातले नाही, हे मला माहीत आहे." मी हात जोडले. दुसरं काय करणार? पण हे वाक्य मला जुनं वाटलं. औशात, नंतर उदगीरला, शिक्षककक्षात मी ते शंभरदा ऐकलंय. "सर, तुम्ही मुसलमान वाटतच नाही." "तुमचं मराठी इतकं शुद्ध कसं?" बोलणारा प्रेमाने बोलतो, मी हसून चहा पुढे करतो. त्या प्रेमाच्या वाक्यात माझ्या सगळ्या गोताबद्दल काय गृहीत धरलंय, ते बोलणाऱ्याला कळत नाही आणि मला सांगवत नाही.

मराठवाड्याच्या माणसाला हे समजायला खरं तर इंग्लंडला जायची गरज नाही. आपल्याकडे एक शब्द आहे : रझाकार. मूळ अर्थ स्वेच्छेने काम करणारा, म्हणजे स्वयंसेवक. निजामाच्या राज्यातल्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याने त्या शब्दाची काय गत केली, ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या लातुरातच तो वकिली करायचा. रझाकारांनी केलेले खून, जाळपोळ, बायकांवरचे अत्याचार खरे आहेत. १७ सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला मी पोरांना ते दरवर्षी सांगत आलो. पण पोलीस अॅक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय फौजांनी निजामाचं राज्य संपवल्यावर, तो शब्द रझवीच्या माणसांपुरता राहिला नाही. टोपी, लुंगी, दाढी दिसेल त्याच्यावर तो बसला. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या दिवसांत २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज लिहून ठेवला, आणि सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावं लिहिली. औसा तेव्हा उस्मानाबादेतच होतं.

माझे आजोबा पिंजारी. गावोगाव फिरून गाद्या-उशा पिंजायचे. रझाकारांशी संबंध एवढाच, की त्यांच्या एका म्होरक्याच्या घरच्या गाद्या त्यांनी पिंजल्या होत्या. पैसे मिळाले नव्हते. पोलीस अॅक्शनच्या वेळी वडील नऊ वर्षांचे होते. गावच्या पाटलाने सगळ्या कुटुंबाला तीन रात्री कडब्याच्या गंजीमागे ठेवलं आणि आलेल्या लोकांना दारातूनच सांगितलं, "ह्यो आमचा पिंजारी हाय, ह्येच्या अंगाला हात लावायचा न्हाई." आजोबा वाचले ते 'आमचा' या एका शब्दामुळे. पलीकडच्या गावात त्यांचा चुलतभाऊ होता. तिथे असं म्हणणारं कुणी नव्हतं.

वडिलांच्या तोंडून 'रझाकार' हा शब्द मी कधीच ऐकला नाही. मी मात्र सातवीत ऐकला, क्रिकेटमध्ये धावबाद झालो नाही म्हणून भांडताना. १९४८ साली जन्मलोही नव्हतो मी.

म्हणून झेंडावंदनाच्या भाषणात स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्याबरोबर मी शोएबुल्ला खान हे नाव न चुकता घ्यायचो. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. हैदराबाद संस्थानाने भारतात सामील व्हावं असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये त्यांना रझाकारांनी मारलं. आपल्याच व्यवसायातले होते, साहेब. मारणारे मुसलमान, मरणारे मुसलमान. आता या बातमीच्या मथळ्यात 'इस्लामी' हे विशेषण कुणाच्या आधी लावाल?

योगायोग पाहा. २००१च्या ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेचे अध्यक्ष बुश १६ तारखेला बोलून गेले, की ही लढाई म्हणजे 'क्रुसेड' आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वीची धर्मयुद्धं एका शब्दात परत आली. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, आमच्या मुक्तिदिनी, तेच बुश वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये जाऊन म्हणाले, 'इस्लाम म्हणजे शांती'. दुसरं वाक्य बोलायला त्यांना मुद्दाम जावं लागलं, पहिलं सहज निघून गेलं होतं. या दोन्ही वाक्यांच्या आधीच, १५ तारखेला, अॅरिझोनाच्या मेसा गावात पेट्रोलपंप चालवणाऱ्या एका शीख गृहस्थाला पगडी पाहून गोळी घातली गेली होती. मारणाऱ्याला धर्मही नीट ओळखता आला नाही. अमेरिकेच्या एफबीआयच्या नोंदींत मुसलमानांविरुद्धचे द्वेषगुन्हे २०००मध्ये २८ होते, २००१मध्ये ४८१ झाले. नोंद न झालेले वेगळे.

पुढाऱ्याच्या एका उपमेने काय होतं, त्याचा मासला इंग्लंडातलाच. ऑगस्ट २०१८मध्ये बोरिस जॉन्सन यांनी वृत्तपत्रातल्या सदरात बुरखेवाल्या बायकांना टपालपेटीची उपमा दिली. गंमत म्हणजे लेखाचा मुद्दा बुरख्यावर बंदी नको असा होता! तो कुणाच्या लक्षात राहिला नाही, टपालपेटी राहिली. अशा घटनांची नोंद ठेवणाऱ्या 'टेल मामा' या संस्थेकडे आदल्या आठवड्यात ८ तक्रारी होत्या, नंतरच्या आठवड्यात ३८. अलंकार शिकवताना मी पोरांना सांगायचो, की उपमा ही दागिन्यासारखी असते. आता तसं सांगणार नाही.

आता आपण म्हणाल, पण तेच लोक धर्माचं नाव घेऊन मारतात, त्याला आम्ही काय करणार? रास्त आहे. ७ जुलै २००५ला लंडनमध्ये ५२ माणसं मारणाऱ्यांनी चित्रफिती मागे ठेवल्या होत्या. २०१७च्या मँचेस्टर बॉम्बहल्ल्यातल्या २२ बळींची जबाबदारी इसिसने स्वतःच घेतली. २६/११ आपण विसरलेलो नाही. अशा वेळी संघटनेचं नाव लिहा, ठळक लिहा, त्यांनी काय दावा केला ते लिहा. माझं म्हणणं एवढंच, की 'इसिसचा हल्लेखोर' म्हटल्याने माझ्या लेकीकडे बोट जात नाही आणि 'इस्लामी दहशतवादी' म्हटल्याने जातं. व्याकरणात विशेषण नामाला चिकटून असतं. पेपर रद्दीत गेल्यावर हल्लेखोराचं नाव लोक विसरतात, मग ते मोकळं झालेलं विशेषण ज्याच्या त्याच्या अंगाला चिकटत फिरतं.

आणि लावायचंच असेल, तर सगळ्यांना लावावं लागेल. २२ जुलै २०११ला नॉर्वेत ७७ माणसं मारली गेली. पहिल्या काही तासांत तिकडच्या तज्ज्ञांनी अल-कायदाकडे बोट दाखवलं. निघाला तिथलाच गोरा माणूस, मुसलमानांच्या द्वेषाने पेटलेला, शेकडो पानांचा जाहीरनामा लिहून ठेवलेला. त्याच्या धर्माचं विशेषण मथळ्यात पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि ते नव्हतं हेच योग्य होतं. अमेरिकेत २००६ ते २०१५ दरम्यानच्या हल्ल्यांच्या बातम्या मोजून काढलेला एक अभ्यास २०१९मध्ये आला. हल्लेखोर मुसलमान असला तर बातम्या ३५७ टक्के जास्त. म्हणजे प्रश्न एका मथळ्याचा नाही, तोच मथळा किती दिवस चालतो याचाही आहे.

उलटं उदाहरण आपल्या घरचं. २०१०मध्ये तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांनी 'भगवा दहशतवाद' असा शब्द वापरला, तेव्हा केवढा गहजब झाला! वारकऱ्याच्या पताकेचा, शिवरायांच्या झेंड्याचा रंग गुन्ह्याला कसा जोडता, असं आपल्याच स्तंभात वाचकांनी लिहिलं. मला ते शंभर टक्के पटलं होतं. चारचौघांत मी तसं बोललोही. तेव्हा ज्यांनी माझी पाठ थोपटली, त्यांनी आता हे पत्र वाचावं एवढीच इच्छा.

न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांचं मला कौतुक वाटतं. १५ मार्च २०१९ला ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली. त्यांनी पहिल्या दिवसापासून त्याला दहशतवादी हल्लाच म्हटलं आणि संसदेत सांगितलं, की त्या माणसाचं नाव माझ्या तोंडून येणार नाही. बीबीसी आणि रॉयटर्स यांची रीतही जुनी आहे. 'दहशतवादी' हा शब्द शक्यतो स्वतःच्या तोंडी घ्यायचा नाही, कोण म्हणतंय ते सांगायचं, आणि आपण बॉम्ब ठेवणारा, गोळीबार करणारा, अपहरण करणारा असं कृत्यावरून लिहायचं. त्यावरून त्यांना शिव्याही बसतात. आपल्याला इतकं कडक जमणार नाही, मला मान्य आहे. मराठी माणसाला 'दहशतवादी' शब्दाशिवाय बातमी अळणी वाटेल. पण त्या शब्दाच्या आधीचं विशेषण गाळायला एका अक्षराचाही खर्च नाही, उलट मथळ्यात जागा वाचते. रात्रपाळीचा माझा विद्यार्थी म्हणतो, 'सर, जागेचं कारण सांगा, लगेच ऐकतील.' म्हणून सांगितलं.

हे पत्र पाठवण्याआधी मी मुलीला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. तिने दोन दुरुस्त्या सुचवल्या. ती राहते त्या गावाचं नाव मी लिहिलं होतं, ते काढायला लावलं. आणि म्हणाली, "अब्बा, खाली तुमचं नावपण नका देऊ. लेकराची शाळा आहे, लोक आडनाव शोधतात." मी म्हटलं, अगं, औशाचा मराठी पेपर तिकडे कोण वाचणार? ती काही बोलली नाही. मागून नातू ओरडला, "नाना, फटाका लिहिलं का बॉम्ब?"

शुद्धलेखनाच्या चारही पत्रांखाली मी पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पत्ता आणि पिनकोड लिहिला होता.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
औसा, जि. लातूर
(नाव व पत्ता फक्त कार्यालयासाठी वेगळ्या चिठ्ठीवर जोडला आहे. कृपया छापू नये.)